संपादक तेवढा महाग

शेरलॉक होम्स, ड्रॅक्युला, डॉक्टर जेकिल, फ्रँकेन्स्टाइनने बनवलेला राक्षस आणि कॅप्टन निमो ही पाचही मंडळी एकाच कादंबरीत भेटणार, असं मलपृष्ठावर वाचल्यावर किंमत बघायची शुद्ध कुणाला राहते? होम्स मला भेटला भालबा केळकरांमुळे, ज्यूल व्हर्न भा. रा. भागवतांमुळे. माझ्या कपाटात वर्षानुवर्षं एकाच फळीवर राहूनही या लोकांनी एकमेकांना कधी रामराम केला नव्हता. तो आता होणार म्हणून मी ते जाडजूड इंग्रजी पुस्तक घेतलं. नाव सांगत नाही. लेखक हयात आहे, आणि मलाही शांतपणे जगायचं आहे.

साल 1888, शहर लंडन, धुकं भरपूर. इथवर तक्रार नाही. पण दुसऱ्याच प्रकरणात होम्सची बग्गी टॉवर ब्रिजवरून भरधाव निघाली. हा पूल रहदारीला खुला झाला 1894 मध्ये. 1888 मध्ये त्याचं बांधकाम चालू होतं. म्हणजे घोडा, बग्गी, होम्स आणि वॉटसन सगळे थेट थेम्समध्ये जायला हवेत. ते गेले नाहीत, याचं पुस्तक संपेपर्यंत वाईट वाटत राहिलं.

मग एक नोकर मेला. छातीत सुरा वगैरे खुपसून रीतसर मेला, आणि पुढच्याच प्रकरणात चहाचा ट्रे घेऊन हजर झाला. ड्रॅक्युलाच्या कादंबरीत मेलेला माणूस उठायचाच, म्हणून मी मनातल्या मनात दाद दिली. आता याच्या मानेवर दातांच्या खुणा सापडणार, म्हणून श्वास रोखून वाचत गेलो. खुणा सापडल्या नाहीत. तो पिशाच्च वगैरे काही नव्हता. तो मेला आहे हे लेखकाच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

पाहुण्यांची अवस्था त्याहून बिकट. स्टीव्हन्सनच्या कादंबरीत हाइड हा जेकिलपेक्षा ठेंगणा आहे, जेकिलचे कपडे त्याला ढगळ होतात. जेकिलमधल्या दुष्टपणाला आयुष्यभर फारसा व्यायामच मिळालेला नाही, अशी त्याची मोठी मार्मिक कारणमीमांसाही तिथे आहे. इथला हाइड दाराची चौकट खांद्यावर घेऊनच आत येतो. मेरी शेलीचा राक्षस मिल्टन वाचतो, प्लुटार्क वाचतो आणि आपल्या निर्मात्याशी पानंच्या पानं वाद घालतो. इथे तो नुसता गुरगुरतो. वास्तविक या पाच जणांत वाचनाची खरी आवड त्यालाच. बहुधा लेखकापेक्षाही जास्त. ब्रॅम स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनच्या रस्त्यावर दिसतो. उन्हात पिशाच्च नष्ट होण्याची प्रथा पाडली 1922 च्या ‘नोस्फेरातू’ या मूकपटाने. इथे मात्र होम्स खिडकीचा पडदा बाजूला सारतो आणि ड्रॅक्युलाची राख होते. तेव्हा माझी खात्री पटली की लेखकाने पुस्तकं वाचलेली नाहीत, सिनेमे पाहिलेत.

निमोचं मात्र मनाला लागलं, कारण तो आपला माणूस. ‘मिस्टीरियस आयलंड’मध्ये व्हर्नने उलगडा केला आहे की निमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, 1857 च्या उठावात इंग्रजांशी लढलेला. त्याच पुस्तकात तो वारतोही, इथल्या गोष्टीच्या वीसएक वर्षं आधी. ते एक वेळ पोटात घालू. पण हा निमो सुरुवातीला इराणी आहे, मध्यावर तुर्क होतो आणि शेवटी लेखक त्याच्या डोक्यावर नुसता फेटा ठेवून मोकळा होतो.

आता कुणी म्हणेल, दुसऱ्याची पात्रं उसनी घेतल्यावर हे असंच होणार. मुळीच नाही. मोरिस लेब्लांने 1906 मध्येच आपल्या आर्सेन ल्युपँ या सभ्य चोरासमोर होम्सला उभं केलं, आणि कॉनन डॉयलने हरकत घेतल्यावर अक्षरांची अदलाबदल करून त्याचा ‘हर्लॉक शोम्स’ केला. निकोलस मेयरने 1974 मध्ये होम्सला व्हिएन्नाला नेऊन थेट फ्रॉइडच्या हवाली केलं. ती कादंबरी वाचताना कुठे खडा लागत नाही.

शिवाय चुका तर मूळ मालकांनीही केल्या. वॉटसनला अफगाण युद्धात गोळी लागली ती पहिल्या कादंबरीत खांद्याला, दुसरीत पायाला. जॉन वॉटसनची बायको एका कथेत त्याला चक्क ‘जेम्स’ म्हणते. डोरोथी सेयर्ससारख्या लेखिकेने त्यावरही तोड काढली: जॉन एच. वॉटसनमधला ‘एच’ म्हणजे हेमिश, आणि हेमिश म्हणजे स्कॉटिश जेम्स! लेखकावर जीव जडला की वाचक त्याची वकिली अशी फुकटात करतात. निमोच्या दोन कादंबऱ्यांतल्या तारखा एकमेकींशी जुळत नाहीत, तर तसं सांगणारी तळटीप प्रकाशकाने पुस्तकातच छापली.

हा प्रकाशक हेट्झेल व्हर्नची हस्तलिखितं बारकाईने वाचून त्याच्याशी भांडायचा. व्हर्नच्या मनात निमो होता पोलंडचा उमराव, रशियनांवर सूड उगवणारा. रशियातला खप आणि मर्जी सांभाळण्यासाठी हेट्झेलने ते हाणून पाडलं. हेतू व्यापारी असेल, पण त्या भांडणामुळेच निमो पुढे बुंदेलखंडाच्या वाट्याला आला. चांगला संपादक असा देशच्या देश इकडचे तिकडे करू शकतो. माझ्या पुस्तकाला एक मेलेला नोकर मेलेला ठेवता आला नाही.

असं का होतं, याचं उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. या पाचही थोरांचे कॉपीराइट संपलेले आहेत. होम्सच्या शेवटच्या कथाही अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून मोकळ्या झाल्या. कुणीही उठावं, पाहिजे तेवढी पात्रं न्यावीत, मानधन शून्य. या सगळ्या कारभारात पगार मागणारा एकच, तो म्हणजे संपादक. साहजिकच कात्री त्याच्यावर चालते. वऱ्हाडी बोलावले की येतात, दक्षिणा गुरुजींना द्यावी लागते. म्हणून मांडव भरून वऱ्हाड आणायचं आणि गुरुजींनाच काट मारायची, अशातला हा प्रकार.

तेव्हा प्रकाशकांना हात जोडून विनंती आहे: पुढच्या खेपेला पात्र एखादं कमी घ्या, पण संपादक एक घ्या. ड्रॅक्युला वगळलात तरी चालेल. वाचकाचं रक्त शोषायला हल्ली त्याची गरज उरलेली नाही.