हयातीचा हंगाम

दरवर्षी १ नोव्हेंबरला सरकारच्या मनात शंका येते: हा म्हातारा गेला तर नसेल? बाकीचे अकरा महिने सरकार निश्चिंत असतं. मे महिन्याच्या काहिलीत आम्ही टिकलो का, हिंदमाताच्या कमरेएवढ्या पाण्यातून घरी पोहोचलो का, लालबागच्या गणपतीच्या रेटारेटीत शाबूत राहिलो का, याची कुणी विचारपूस करत नाही. नोव्हेंबर उजाडला की मात्र निरोप येतो, हयातीचा दाखला द्या, नाहीतर पुढची पेन्शन विसरा. ज्यांनी ऐंशी ओलांडली आहे त्यांच्याबद्दल केंद्र सरकारला हीच शंका महिनाभर आधी, १ ऑक्टोबरलाच येते. परिपत्रकात ती ज्येष्ठांची सोय म्हणून दाखवली आहे. अशी परिपत्रकं लिहून आम्ही जन्म काढला. सोय कुणाची असते ते आम्हाला सांगू नये.

या महिन्यात गिरगाव-दादरच्या बँकांपुढची सकाळची रांग बघून घ्यावी. शटर वर जाण्याच्या बऱ्याच आधी ती लागते. पुरुष गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट खोचून आलेले. बायका ठेवणीतली साडी नेसून. एका बाईंनी तर गजरा माळला होता. कुठे लग्नाला निघालात का, असं विचारलं तर म्हणाल्या, "अहो, जिवंत आहोत हे दिसायला नको का?" त्यांच्यामागे आमच्या चाळीतल्या मावशी उभ्या होत्या. त्यांची सगळी नोकरी केईएमच्या वॉर्डांत सिस्टर म्हणून झाली. त्या म्हणाल्या, "माणूस गेला हे सांगायला डॉक्टरला पाच मिनिटं लागायची. माणूस आहे हे सांगायला यांना दोन फेऱ्या लागतात."

माझी बँक कोणती ते सांगत नाही. पेन्शन तिथेच आहे.

काउंटरवरची मुलगी गोड होती. तिने माझं बोट त्या यंत्रावर ठेवलं, पुसलं, पुन्हा ठेवलं, मग दुसरं बोट मागितलं.

"काका, ठसा उमटत नाहीये."

"पण मी समोर उभा आहे."

"ते मला दिसतंय हो. सिस्टीमला दिसत नाहीये."

रांगेतल्या निम्म्या लोकांना हे वाक्य ओळखीचं वाटलं असावं, कारण कुणीच चिडलं नाही. काउंटरच्या आतल्या बाजूने त्यांनीच ते जन्मभर वापरलं होतं. तुमचं म्हणणं अगदी खरं आहे, पण रेकॉर्डला तसं नाही. पुढच्या आठवड्यात या, साहेब रजेवर आहेत.

खरं तर हजेरी आणि आम्ही यांचं नातं फार जुनं आहे. फोर्टातल्या आमच्या कचेरीत मस्टर साडेदहाला साहेबांच्या केबिनमध्ये जायचं. त्यानंतर आलेल्याच्या नावापुढे लाल शाई, आणि तीन लाल खुणांना एक सीएल, म्हणजे किरकोळ रजा, कापली जायची. पण मस्टरवर सही झाली की पुढचा दिवस आपला. खुर्चीच्या पाठीला कोट, टेबलावर उघडी फाइल आणि फाइलीवर चष्म्याचं घर, एवढी मांडणी केली की माणूस हजर धरला जायचा. देह मग क्रॉफर्ड मार्केटात आंबे निवडत असो, नाहीतर ब्रेबर्नच्या स्टँडात गावसकरांची बॅटिंग बघत असो. आमच्याकडे एका हेडक्लार्कचा कोट त्याच्यापेक्षा जास्त वर्षं कामावर होता. मालक रिटायर झाल्यावरही महिनाभर तो खुर्चीवर होता आणि त्या महिन्यात एकही फाइल तुंबली नाही.

म्हणजे नोकरीत असताना आम्ही जागेवर नसायचो आणि कागदावर असायचो. आता जागेवर आहोत, खोकतो आहोत, भांडतो आहोत, आणि कागद म्हणतो, नाही. हिशोब कुठेतरी चुकता होतो म्हणायचा.

बोटाचा ठसा हुकला तर चेहरा. २०१४ च्या नोव्हेंबरात 'जीवन प्रमाण' आलं, त्यात बोटं लागायची. २०२१ पासून मोबाइलसमोर चेहरा धरूनही काम होतं. त्यात एकच अट आहे. फोन सांगेल तेव्हा डोळे मिटायचे आणि उघडायचे. पापणी लवली तर जिवंत. आता ज्या लोकांनी दुपारच्या जेवणानंतर उघड्या डोळ्यांनी झोपण्याची विद्या पस्तीस वर्षं घोटली, त्यांची पापणी सांगितल्यावर कशी लवणार? आमचे एक निवृत्त डेस्क ऑफिसर त्या फोनकडे टक लावून बघत राहिले. सवयच ती, समोर आलेल्या कशावरही लगेच निर्णय घ्यायचा नाही. शेवटी नातीने कानात "आजोबा, डीए वाढला!" म्हटलं तेव्हा कुठे पापणी हलली.

डीएचं सोडा, खरी गंमत ऐंशीच्या पुढे आहे. केंद्राच्या पेन्शनरला ८० पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के जादा मिळतात. ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५०, आणि शंभरी गाठली की थेट १०० टक्के. नोकरीत इन्क्रिमेंटसाठी निदान काम केल्यासारखं दाखवावं लागायचं. इथे नुसतं टिकायचं. त्यामुळे शिवाजी पार्कला पहाटे साडेपाचला जे लोक हात झटकत तरातरा फेऱ्या मारताना दिसतात, ते आरोग्यासाठी चालतात असा गैरसमज करून घेऊ नका. ते पुढच्या स्लॅबकडे चालले आहेत. पार्क स्वतः १९२५ सालचं. त्याने शंभरी गाठली, पण वाढीव काही मिळाल्याचं ऐकिवात नाही.

फेऱ्या संपल्या की कट्टा. कट्ट्यावर माणूस रिटायर होतो, हुद्दा होत नाही. माजी उपसचिव जिथे बसतात तिथे माजी कक्ष अधिकारी बसत नाहीत. बसलेच तर ते आल्यावर अर्धवट उठतात, गुडघ्याला कळ येते आणि मग तसेच अर्धवट राहतात. रिझर्व्ह बँकवाल्यांचा घोळका वेगळा असतो, कारण त्यांची पेन्शन वेगळी. एलआयसीवाले सगळ्यांशी बोलतात, पण सगळे एलआयसीवाल्यांशी बोलतातच असं नाही. परळ वर्कशॉपमधले रेल्वेवाले कुठल्याही विषयात पासाची गोष्ट आणतात. बाकीच्या म्हाताऱ्यांची रेल्वे तिकिटातली सवलत, पुरुषांची ४० टक्के आणि बायकांची ५०, मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या निमित्ताने बंद झाली. पुढे शाळा उघडल्या, थिएटरं उघडली, दारूची दुकानं तर सर्वांच्या आधी उघडली. सवलत तेवढी अजून विलगीकरणात आहे. त्यावर उतारा म्हणून ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट झाली. तेव्हापासून दादरचे काही आजोबा घरात खटका उडाला की पंढरपूरला जातात. पूर्वी माणूस रागावून गॅलरीत जाऊन बसायचा.

यंदा कट्ट्यावर आठवा वेतन आयोग चालू आहे. सरकारने तो जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केला आणि तेव्हापासून रोज सकाळी त्याचा अहवाल येतो. सातव्यात फिटमेंट फॅक्टर, म्हणजे जुन्या मूळ पगाराला ज्याने गुणायचं तो आकडा, २.५७ होता. आठव्यात तो कट्ट्याच्या उत्तर टोकाला २.८६ आहे, दक्षिण टोकाला ३ च्या पुढे आहे. ज्यांना नोकरीत टाचणी मागवायची तरी तीन सह्या लागत, ते आता देशाच्या तिजोरीवर तोंडी निर्णय देतात. परवा एकाने विचारलं, "आणि फंडवाल्यांना किती वाढणार?" कुणी उत्तर दिलं नाही. सगळ्यांना एकदम चहाची आठवण झाली.

फंडवाले म्हणजे कोण, ते बघायला कट्ट्यावरून उठून लालबागला जावं लागतं.

तिथे आमचे एक आबा राहतात. मालवणचे. कापडगिरणीत साच्यावर होते, म्हणजे विणकर. १८ जानेवारी १९८२ ला कामगारनेते दत्ता सामंतांचा संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांतले हे एक. तो संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. तेव्हा नियमाप्रमाणे पाहिलं तर ते लोक अजून संपावर आहेत आणि गिरण्या तेवढ्या रिटायर झाल्या आहेत. गिरण्यांचं निवृत्त जीवन उत्तम चाललं आहे. कुणी मॉल झाली, कुणी टॉवर झाली, कुणी रात्री उशिरापर्यंत जेवायला घालते. क्वचित एखादी चिमणी शोभेला ठेवलेली असते, आजोबांचा फोटो हॉलमध्ये लावतात तशी.

आबा पुढे एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागले, ती बंद पडेपर्यंत राहिले, म्हणून त्यांना फंडाची पेन्शन आहे. ही ईपीएस योजना १६ नोव्हेंबर १९९५ ला आली. ज्यांना ८२ सालानंतर गिरणीने परत आत घेतलंच नाही, त्यांच्या वाट्याला तीही नाही. ही पेन्शन किमान १,००० रुपये असावी असं सप्टेंबर २०१४ मध्ये ठरलं आणि तिथेच ती उभी आहे. तिला महागाई भत्ता नाही. ८० ला २० टक्के नाहीत, शंभरीला १०० नाहीत. दिवसाला तेहतीस रुपये पडतात. बेस्टचं किमान तिकीट मे २०२५ पासून १० रुपये आहे. म्हणजे एकदा जायचं, एकदा यायचं, मध्ये एक कटिंग. बिस्किट नको. याच राज्यात माजी आमदाराची पेन्शन महिना ५० हजारांपासून सुरू होते आणि तिच्यासाठी रात्रपाळी करावी लागत नाही.

त्यातली थट्टा अशी की १९८२ सालीच, १७ डिसेंबरला, नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, पेन्शन ही मालकाची मेहेरबानी नाही, तो कर्मचाऱ्याचा हक्क आहे. त्या तारखेला पेन्शनर दिन साजरा होतो. शाल, श्रीफळ, भाषणं, बटाटावडा. त्या डिसेंबरात आबा गावी भात झोडपत होते. निकालाचा पेपर तिथवर पोहोचला नाही.

हजार रुपयांसाठीही दाखला तोच लागतो. आबांचं बोट यंत्रावर ठेवलं तर यंत्राला काहीच दिसत नाही. ते हसून म्हणतात, "माझी बोटां धाग्यान खाल्ली, आता ठसो खयसून हाडू?" साच्याजवळ तुटलेला धागा गाठणारी ती बोटं. यंत्राच्या दृष्टीने या माणसाला हात नाहीत.

आणि त्यांना फक्त जिवंत असल्याचं सिद्ध करून भागत नाही. आपण कामगार होतो हेही सिद्ध करायचं असतं. गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखाहून जास्त अर्ज आले. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामावर होतो याचा पुरावा हवा. तिकीट नंबर, पगाराची पावती, सर्व्हिस सर्टिफिकेट. ते द्यायचं कुणी? टाइम ऑफिस होतं तिथे आता परफ्यूमचं दुकान आहे. म्हाडाच्या सोडतीत २०१२ साली ६,९२५ घरं निघाली, २०१६ ला २,६३४, २०२० ला ३,८९४. उरलेल्यांसाठी आता शेलू आणि वांगणीचं नाव पुढे आलं आहे. ही स्टेशनं बदलापूरच्या पुढे आणि नेरळच्या अलीकडे आहेत. उतारवयात वानप्रस्थाश्रम शास्त्रातच सांगितला आहे. त्यासाठी कर्जत लोकल लागेल एवढंच शास्त्रकारांना माहीत नव्हतं. लालबागच्या माणसाने लालबागेत घर मागितलं की मात्र त्याला वास्तवाचं भान नाही असं म्हणतात. हे म्हणणारे लालबागच्याच टॉवरमध्ये चाळिसाव्या मजल्यावर राहतात.

कट्ट्यावर मी आबांची गोष्ट सांगितली. माजी उपसचिव बराच वेळ विचारात पडले, मग म्हणाले, "प्रकरण सहानुभूतीपूर्वक विचारात घेण्यासारखं आहे." त्यांची पापणी मात्र लवली नाही.

तेव्हा आता कामाचं. सरकारी पेन्शनरांसाठी ३० नोव्हेंबर ही शेवटची तारीख आहे, २९ ची वाट बघू नका. आधार कार्ड, पीपीओ नंबर आणि पेन्शनला जोडलेला मोबाइल बरोबर न्या. फंडवाल्यांना नोव्हेंबरची सक्ती नाही; गेला दाखला ज्या तारखेला दिला तिथून वर्षभर तो चालतो, ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवा. पोस्टमन घरी येऊनही दाखला काढून देतो. बोट उमटत नसेल तर चेहऱ्याचं मागा, काउंटरवर आपणहोऊन सांगत नाहीत. आणि तुमच्या मजल्यावर एखादे आबा असतील, ज्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे, तर तुमच्या स्मार्टफोनवर त्यांचं आधी करा. तुमची पेन्शन एक दिवस थांबू शकते.