किती ब्रास?

गोदाकाठच्या गावात ‘सँडबॉक्स’ हा शब्द जरा जपूनच उच्चारावा. शाळेच्या बैठकीत एका गुरुजींनी तो उच्चारला. वर “सँड म्हणजे वाळू, आता मुलांना सँडबॉक्समधून शिकवायचं” असा उलगडाही केला. व्यवस्थापन समितीतले एक काका डुलकीतून खडबडून जागे झाले आणि म्हणाले, “किती ब्रास?”

अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांत हा प्रश्न अडाणीपणाचा नसतो, अनुभवाचा असतो. 2023 साली सरकारने 600 रुपये ब्रासने वाळू देण्याचं धोरण आणलं, तेव्हा वाळू भूगोलातून उठून अर्थशास्त्रात जाऊन बसली. रात्री हायवा किती गेल्या ते पोरं अंथरुणातूनच मोजतात. ते गणित.

गुरुजींचा सँडबॉक्स मात्र संगणकातला. माइनक्राफ्ट नावाचा खेळ. ठोकळ्यांचं जग, खणा, रचा, पाडा, जिंकलंच पाहिजे असं काही नाही. मूळ स्वीडनचा. 2014 साली मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलर मोजून तो बनवणारी कंपनी घेतली आणि 2016 साली शाळांसाठी वेगळी आवृत्ती काढली. त्याआधीच, 2013 साली, स्टॉकहोमच्या व्हिक्टर रिडबर्ग शाळेने तेरा वर्षांच्या मुलांना हा खेळ सक्तीचा केला होता. खेळ, आणि सक्तीचा! वाचलं आणि स्वीडन मला एकदम आपलं वाटायला लागलं.

विषय समजून घ्यावा म्हणून भाच्याची शिकवणी लावली. “मामा, दोन बाय दोनचा खड्डा कर. समोरासमोरच्या कोपऱ्यांत एकेक बादली पाणी ओत. आता उपस.” उपसलं. खड्डा पुन्हा भरला. पुन्हा उपसलं, पुन्हा भरला. चाळीस बादल्या काढल्या, पाणी तसूभर हललं नाही. एकेचाळिसाव्या बादलीला माझा कंठ दाटून आला. 2012-13च्या दुष्काळात टँकरमागे हंडा घेऊन पळालेल्या माणसाला असं काही दाखवू नये. आमच्याच जालना जिल्ह्यातल्या कडवंचीकरांनी माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती केली, शेततळी खणली, तेव्हा कुठे द्राक्षं लागली. दोन बादल्यांत भागतं हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. आणि हे ज्ञान पोरांपर्यंत पोचलं, तर दर उन्हाळ्यात निघणाऱ्या टंचाई आराखड्याचं काय करायचं?

शेतीचंही तसंच. चार ठोकळ्यांच्या आत पाणी असलं की रान ओलं. गहू आहे, गाजर आहे, बटाटा आहे. कपाशी नाही, म्हणून बोंडअळी नाही. मोसंबी नाही, म्हणून फळगळ नाही. गहू नेला की समोरचा पाचू मोजून देतो, “ओलावा जास्त आहे” म्हणून कट्ट्यामागे काही कापत नाही. हा धडा पोरांनी मनावर घेतला तर मोंढ्यात दंगल होईल.

झाडाचं खोड तोडलं तरी शेंडा हवेत लटकत राहतो, हे मात्र मला खटकलं नाही. आपल्याकडची कितीतरी वृक्षलागवड अशीच अधांतरी उभी आहे. एका गोष्टीत मात्र खेळ पक्का खरा निघाला. बाकी बहुतेक ठोकळे हवेत तरंगतात, पण खालचा आधार काढला की वाळू कोसळते. भाच्याने तीनदा करून दाखवलं. गोदावरीचं पात्र खरवडून काढणाऱ्यांची एक तुकडी या एवढ्या धड्यासाठी तरी वर्गात बसवावी.

चेष्टा पुरे. खेळ वाईट नाही. घर रचताना पोराला लांबी-रुंदी आपसूक कळते, चुकलं तर पाडून पुन्हा रचता येतं, आणि कोणी लाल शाईने गोल करत नाही. मला धास्ती आहे ती तो आपल्याकडे येण्याची. आधी परिपत्रक येईल. मग प्रशिक्षण, चहा-बिस्किटांसह. मग प्रत्येक विद्यार्थ्याने रचलेल्या ठोकळ्यांची संख्या दुपारी बारापर्यंत ऑनलाइन भरायची, अक्षांश-रेखांशाच्या फोटोसकट. न रचल्यास ‘निरंक’. माहिती भरण्यात गुरुजींचा तास संपेल आणि पोरं बाहेर चिखलाचे बैल करत बसतील. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालवाडी काढली, तेव्हा आवारात पडलेल्या वस्तूंवरच काम भागवलं होतं. लॉगइन नव्हतं. पासवर्ड विसरायचाही प्रश्न नव्हता.

बैठक संपली. ठराव एकमताने मंजूर झाला. काकांनी “वाळू कुठून आणणार ते लेखी द्या” एवढी अट घातली. निघताना गुरुजींनी मैदान दाखवलं. कोपऱ्यात लांब उडीचा खड्डा होता. त्यातली वाळू गेल्या वर्षी स्वच्छतागृहाच्या गिलाव्याला गेली. आता तिथे मुरूम आहे, आणि पोरं उडी मारत नाहीत.