सर्व थांबे घेणारा बोका

स्वारगेटला राहणाऱ्या माणसाला आवाजाचा त्रास होत नाही. आमची इमारत एसटी स्टँडच्या मागच्या अंगाला. 'सातारा, सातारा, विनाथांबा सातारा' हे ऐकत आम्ही गाढ झोपतो आणि संपात स्टँड बंद पडलं की दचकून जागे होतो. आमची मांजर चिंगीही याच तालमीत वाढलेली. २०२४ च्या सप्टेंबरात जमिनीखालून मेट्रो धावू लागली, तेव्हा तिने कानसुद्धा हलवला नाही. तिला वावडं एकाच गोष्टीचं : तळमजल्यावरच्या काकांचा बोका बाजी.

बाजी विनाथांबा नाही. सर्व थांबे घेतो. पहाटे कंपाउंडची भिंत, मग पार्किंगचा पत्रा, मग छज्जा आणि शेवटचा थांबा आमच्या गॅलरीतली तुळस. प्रत्येक ठिकाणी पाठ फिरवायची, शेपूट ताठ करून थरथरवायची आणि एक फवारा सोडायचा. आपल्याला नुसता वास येतो. चिंगीला त्यात कोण आलं, कधी आलं, सगळा मजकूर मिळतो. मग ती तोंड अर्धवट उघडं ठेवून बसते. मांजराच्या टाळूत वास घेणारा एक वेगळा अवयव असतो, तिथवर वास पोचवण्याची ही रीत. चेहरा मात्र असा होतो की काही न करता मीच ओशाळतो.

कधी कधी बाजी काचेपलीकडे प्रत्यक्षच बसलेला असतो. चिंगी फुगते, गुरगुरते, पण मध्ये काच. अशा वेळी ती वळते आणि जवळ जो असेल त्याचा घोटा धरते. पशुवैद्य या प्रकाराला भारदस्त नाव देतात. आमची ही म्हणते, 'लेकी बोले सुने लागे.' आमच्या घरात सुनेच्या जागी मी आहे.

पाउल लायहाउझेन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने मांजरांच्या हद्दींचा अभ्यास केला होता. त्याचं निरीक्षण असं, की एकाच वाटेवर दोन मांजरांचा हक्क असला तरी ती वेळा वाटून घेतात. वाटांच्या तिठ्यावर समोरासमोर आली तर दोघंही लांब बसून राहतात, आधी दुसरा जाईल म्हणून वाट बघतात. हे वाचून मला आमच्या स्वारगेटचा जेधे चौक आठवला आणि हसू आवरेना. बाजीचा जन्म तिथून हाकेच्या अंतरावरचा. 'आधी आपण' हे त्याने कुठून उचललं, ते सांगायला नको.

'फिनेल टाका,' असं शेजारपाजारच्या सगळ्यांनी सुचवलं. डॉक्टरांनी हात जोडले. फिनेलमधली द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत; बाजी जायचा राहील आणि चिंगीच आजारी पडेल. अमोनियाचा वास असलेल्या औषधाने तर बोक्याला वाटतं, इथे दुसरा कोणी येऊन गेला, आता आपण जोरात सोडलं पाहिजे. खरा इलाज एकच : बोक्याची नसबंदी. दहातल्या आठ-नऊ बोक्यांचं भटकणं, भांडणं आणि फवारणं त्याने कमी होतं.

हे काकांना सांगायला मी गेलो.

"काका, बाजीचं ऑपरेशन करून टाकू या का?"

"अरे, आमच्या घराण्यात कोणाचं ऑपरेशन झालेलं नाही."

"महापालिकेने २०२२ मध्येच सांगितलंय, मांजराचीही नोंदणी करायची. त्या निमित्ताने डॉक्टरकडे..."

"हडपसरला एका फ्लॅटमध्ये तीनशेवर मांजरं निघाली, पेपरात वाचलंस ना? तिकडे सांग. माझा एकच आहे. आणि तो घरातच असतो."

हे बोलणं चाललेलं असताना बाजी आमच्या छज्ज्यावरून खाली उतरत होता. आम्ही दोघांनीही पाहिलं. काकांनी पेपर उघडला.

माझं शास्त्र हरलं, जिंकलं ते डॉक्टरांचं बिल. मार्केट यार्डाच्या बाजूच्या कुठल्याशा बोक्याने बाजीला कडकडून चावा घेतला. मांजराचा दात बारीक आणि खोल जातो. वरून जखम मिटते, आत पू होतो. गळू फोडणं, इंजेक्शनं, ड्रेसिंग. काकांनी तिसऱ्या ड्रेसिंगनंतर पाकिटाच्या मागे बेरीज मांडली, शेजारी ऑपरेशनचा खर्च लिहिला, आणि घराण्याची परंपरा एका संध्याकाळी मोडली.

काही आठवड्यांत बाजी निवळला. फवारे थांबले, फेऱ्या बंद झाल्या. आता तो काकांच्या पायरीवर पसरतो आणि वजन वाढवतो. तुळसही सावरली. चिंगी दिवसभर गॅलरीच्या कठड्याशी बसून खाली बघते, मधूनच बारीक आवाज काढते.

परवा काका वर आले. चहा नको म्हणाले, म्हणजे प्रकरण गंभीर.

"तुमच्या मांजरीला जरा आवर. दिवसभर वरून बघत असते आमच्याकडे. बाजीला नीट झोप लागत नाही."