भूल देण्याआधीची डॉक्टरेट

अमेरिकेत भूल देणारी परिचारिका व्हायचे तर १ जानेवारी २०२२ पासून डॉक्टरेटच्याच अभ्यासक्रमात प्रवेश घ्यावा लागतो. किमान वर्षभर अतिदक्षता विभाग सांभाळलेली, रात्र रात्र व्हेंटिलेटरशी झुंजलेली बाई मग अर्जात निबंध लिहिते: मला हे काम का करायचे आहे. (‘पगारासाठी’ एवढे सोडून काहीही चालते.) पुढे किमान ३६ महिने, २,००० तासांचे प्रत्यक्ष काम आणि बहुधा नोकरीला रामराम.

शस्त्रक्रिया गुंतागुंतीच्या झाल्या, शिक्षण वाढायलाच हवे, असे समर्थक म्हणतात. वाढू द्या, औषधशास्त्र कितीही शिकवा. पण केवळ पदव्युत्तर पदवी असलेल्या जुन्या परिचारिका आजही त्याच टेबलापाशी तीच भूल देतात आणि नव्यांची राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षाही वेगळी नाही. सुरक्षिततेसाठी डॉक्टरेट अटळ असेल तर जुन्यांना थांबवायला हवे. नसेल तर नव्यांना जादा शुल्क परत करायला हवे. संशोधन वाचता यायला हवे, हेही मान्य. त्यासाठी एक चांगला विषय पुरला असता. एवढे करून पदवी मिळालीच, तरी रुग्णासमोर ‘डॉक्टर’ म्हणवून घेण्याला भूलतज्ज्ञ डॉक्टरांच्या संघटनेचा विरोध आहेच.