पोस्टडॉक (वनस्पती-पेशीविज्ञान)

पोस्टडॉक म्हणजे पीएच.डी. झालेल्या, पण नोकरी न लागलेल्या माणसाची सरकारमान्य अवस्था. ही पदवी नाही, त्यामुळे तिचे प्रमाणपत्र फ्रेम करून दिवाणखान्यात लावता येत नाही. ही नोकरीही नाही, त्यामुळे गृहकर्जाच्या अर्जात ‘व्यवसाय’ या रकान्यासमोर काय लिहावे, यावर बँक आणि अर्जदार यांचे आजवर एकमत झालेले नाही. कागदोपत्री पोस्टडॉक हा प्रशिक्षणार्थी असतो. पस्तिशीला टेकलेला, एका मुलीचा बाप, लॅबमधल्या चार पोरांच्या थिसिसवर लाल पेन चालवणारा आणि यंत्र बंद पडले की पहिली हाक ज्याला जाते, असा प्रशिक्षणार्थी. प्रशिक्षण कशाचे, हे नेमणूकपत्रात नमूद नसते.

भारतात या अवस्थेतल्या माणसाला रिसर्च असोसिएट म्हणतात. केंद्र सरकारने २०२३ साली सुधारलेल्या दरांप्रमाणे त्याच्या तीन पायऱ्या असून दरमहा ५८,०००, ६१,००० आणि ६७,००० रुपये, शिवाय घरभाडे, असा हिशेब आहे. ही रक्कम पगार नव्हे, फेलोशिप. पगार महिन्याच्या महिन्याला होतो, फेलोशिप ‘ग्रँट आली की’ होते. पुण्यातले घरमालक मात्र अजून पहिल्या तारखेच्या जुन्या पद्धतीलाच चिकटून आहेत.

जर्मनीत रीतसर पगार असतो, विमा असतो, सुट्टीही असते. फक्त वर्षे मोजलेली असतात. तिथल्या २००७ च्या कायद्याने पीएच.डी.आधी सहा आणि नंतर सहा वर्षे एवढाच काळ संशोधकाला शिकाऊ म्हणून मुदतीच्या करारावर ठेवता येते. कायद्यामागचा विचार सरळ होता : सहा वर्षे संपली की माणूस कायम करावा. विद्यापीठांनी कायद्याचा पूर्ण मान राखला आणि सहा वर्षे संपली की माणूसच बदलला. हा कायदा लोकांना समजावा म्हणून शिक्षण व संशोधन मंत्रालयाने एक छोटी फिल्म काढली होती. तिची नायिका हाना, व्यवसायाने जीवशास्त्रज्ञ. एकाच पिढीने सगळ्या जागा अडवून व्यवस्था तुंबवू नये, यासाठी करार मुदतीचे असतात, असा खुलासा फिल्ममध्ये होता. जून २०२१ मध्ये ‘मी हाना आहे’ असे लिहून हजारो संशोधकांनी आपापल्या तात्पुरत्या करारांची जंत्री ट्विटरवर मांडली. मंत्रालयाने तातडीने कारवाई केली आणि फिल्म काढून टाकली. करार राहिले.

वनस्पती-पेशीविज्ञानातला पोस्टडॉक ज्या वनस्पतीवर जगतो, ती बहुधा अरॅबिडॉप्सिस. मोहरीच्या कुळातली, वीतभर उंचीची. हिची भाजी होत नाही, तेल कुणी काढत नाही आणि फूल इतके बारीक की देवालाही वाहता येत नाही. त्यामुळे ‘कोणत्या पिकावर काम करतोस?’ या घरच्यांच्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळत नाही. सांगली-साताऱ्याकडे तर हा प्रश्न ऊस की द्राक्ष, एवढाच असतो. अरॅबिडॉप्सिसचा मोठेपणा वेगळा आहे. तिच्यात गुणसूत्रांच्या पाचच जोड्या, जीनोम आटोपशीर. तो २००० साली जाहीर झाला तेव्हा वनस्पतींमधला तो पहिला होता. ती स्वतःच्याच परागाने फळते, एका झाडाला हजारो बिया धरतात आणि पुस्तकाप्रमाणे बी ते बी हा प्रवास सहा आठवड्यांत संपतो. शास्त्रात जे लवकर वाढते त्याचा अभ्यास आधी होतो. आंबा, साग आणि नारळ यांनी फेलोशिपची मुदत लक्षात न घेतल्यामुळे त्यांचे थोडे नुकसान झालेले आहे.

पेशीविज्ञानात एखादे प्रथिन पेशीत कुठे असते, कुठून कुठे जाते आणि ते नसले तर काय अडते, हे पाहायचे असते. त्यासाठी प्रथिनाच्या जनुकाला जेलीफिशचे एक जनुक जोडतात. मग निळा लेसर पडला की ते प्रथिन हिरवे चमकते. हा जोड झाडात घालण्याची रीत १९९८ साली क्लफ आणि बेंट या दोघांनी अगदी घरगुती करून टाकली. अ‍ॅग्रोबॅक्टेरियम हा जिवाणू साखरेच्या पाण्यात कालवायचा, साबणाच्या जातीचे एक द्रव्य त्यात थोडेसे टाकायचे, फुलावर आलेली कुंडी उलटी धरून तुरे काही सेकंद बुडवायचे आणि कुंडी आडवी करून रात्रभर झाकून ठेवायची. पुढचे काम जिवाणू करतो. पोस्टडॉकने वाट पाहायची. करारात वाट पाहण्याची तरतूद नसते.

बी धरून सुकायला महिना जातो. त्या बियांत शंभरात एखादीच कामाची. ती ओळखण्यासाठी सगळ्या बिया कॅनामायसिन हे प्रतिजैविक घातलेल्या प्लेटवर पेरतात. जोड नसलेली रोपे आठ-दहा दिवसांत पांढरी पडतात, असलेली हिरवी राहतात. हिरवी रोपे बारीक चिमट्याने एकेक सोडवून मातीत लावायची. मूळ दोऱ्याहून बारीक असते. चिमटा किंचित जास्त दाबला गेला की एक तिमाही बुडाली. पुढच्या पिढीत तीन हिरव्यांमागे एक पांढरे, हे मेंडेलचे प्रमाण दिसले पाहिजे आणि त्याच्या पुढच्या पिढीत एकही पांढरे दिसता कामा नये. तसे झाले की लाइन, म्हणजे त्या रोपांचा वंश, शुद्ध झाली. पुस्तकातले सहा आठवडे प्रत्यक्षात पेरणी, फ्रिजमधला मुक्काम, सुकवणी आणि चाळणी धरून अडीच-तीन महिने होतात. जनुक जोडण्याचे दोन-तीन महिने त्यात मिळवले, तर शुद्ध बी हातात येईपर्यंत वर्ष उलटते. फेलोशिप सहसा दोन वर्षांची. म्हणजे खरी निरीक्षणे सुरू होतात त्याच महिन्यात पुढच्या जागेसाठी अर्जही सुरू होतात, आणि अर्जात निरीक्षणांचे निष्कर्ष मागितलेले असतात.

घाई असलेल्यांसाठी कांदा आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या जॉन सॅनफर्ड यांच्या गटाने टंगस्टनच्या कणांवर जनुक चढवून ते कांद्याच्या पेशींत अक्षरशः बंदुकीने घुसवले आणि १९८७ साली ते प्रसिद्ध केले. कांद्याच्या पापुद्र्याच्या पेशी मोठ्या, एकथरी आणि हरितद्रव्य नसलेल्या. शाळेच्या प्रयोगवहीत जे चित्र काढून आठवीची मुले गुण मिळवतात, तेच चित्र हिरव्या ठिपक्यांसह काढून पोस्टडॉक पेपर लिहितो. एका दिवसात उत्तर मिळते. मग पेपर तपासणारे कळवतात की कांद्यातला पुरावा पुरेसा नाही, शुद्ध लाइन करून दाखवावी.

मुख्य काम चालते ते कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकावर. हे यंत्र कोट्यवधी रुपयांचे, संस्थेत एखाद-दुसरेच आणि तासांनी वाटलेले असते. दुपारचे स्लॉट ज्येष्ठांचे, सकाळचे इंजिनिअरचे, आणि रात्री अकरानंतरचे पोस्टडॉकचे. पाच दिवसांचे रोप पाण्याच्या थेंबात काचपट्टीवर आडवे ठेवायचे, वरून आच्छादक काच हलक्या हाताने सोडायची आणि बुडबुडा आला तर दुसरे रोप घ्यायचे. झाडाचा हिरवा भाग या कामाला गैरसोयीचा, कारण हरितद्रव्य स्वतःच लेसरखाली लालभडक पेटते आणि बाकीचे दिसेनासे करते. म्हणून वनस्पती-पेशीविज्ञानाचा मोठा हिस्सा मुळांवर उभा आहे. पाने गुन्हेगार नाहीत, फक्त फोटोजेनिक नाहीत. मुळाचीही एक खोड आहे : ते वाढते. तासाभराचे चित्रण लावून पोस्टडॉक चहाला गेला की परत येईपर्यंत मुळाचे टोक चौकटीतून बाहेर पडलेले असते.

तरीही जे दिसते ते विलक्षण असते, आणि ते या नोंदीत सांगणे भाग आहे. नाहीतर माणसे या धंद्यात का टिकतात, याचा उलगडा होत नाही. पेशीची बहुतेक जागा पाण्याने भरलेल्या रिक्तिकेने व्यापलेली, आणि भिंतीलगतच्या उरलेल्या अरुंद पट्टीतून गॉल्जी या पेशीअंगकाचे हिरवे ठिपके धावत असतात. एखादा भरधाव येतो, मध्येच थबकतो, जागच्या जागी थरथरतो आणि पुन्हा सुटतो. पहाटे अडीचला हे पाहणारा माणूस त्या क्षणापुरता तरी करार विसरतो. अडीचनंतर पुढच्याचा स्लॉट असतो.

हा हिरवा उजेड ज्या जनुकामुळे पडतो, ते अमेरिकेत वुड्स होल इथे डग्लस प्रॅशर यांनी वेगळे केले आणि १९९२ साली प्रसिद्ध केले. पुढचे पैसे मिळाले नाहीत, तेव्हा त्यांनी ते जनुक मागणाऱ्यांना पाठवून दिले. २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल याच प्रथिनासाठी शिमोमुरा, चाल्फी आणि चेन यांना मिळाले. बातमी आली तेव्हा प्रॅशर अलाबामा राज्यातल्या हंट्सव्हिल गावी मोटारींच्या एका शोरूममध्ये ग्राहकांची ने-आण करणारी व्हॅन चालवत होते. समारंभाला विजेत्यांनी त्यांना आपल्या खर्चाने स्टॉकहोमला नेले. विज्ञानात कृतज्ञता नसते, असे म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

पेपर हे या व्यवसायाचे चलन. वनस्पतींवरच्या पेपरांच्या पहिल्या वाक्यात बऱ्याचदा असे विधान असते की वनस्पती एका जागी खिळलेल्या असतात, त्यामुळे परिस्थिती बदलली तरी त्यांना पळ काढता येत नाही. हे वाक्य लिहिणारा त्या वेळी तिसऱ्या देशात, चौथ्या भाड्याच्या खोलीत असतो. तपासणीसाठी पेपर दोघा-तिघा परीक्षकांकडे जातो. पहिल्याला तो आवडतो. दुसरा नऊ नवे प्रयोग सुचवतो आणि त्यांतल्या तीन प्रयोगांना नव्या लाइन लागतात. प्रत्येक लाइनला वर्ष. परीक्षकाला या कामाचे पैसे मिळत नाहीत, त्यामुळे त्याला बोल लावता येत नाही. पैसे लागतात ते छापून घ्यायला. ‘नेचर’ने सर्वांना मोफत वाचता येईल असा लेख छापण्याचा आकार २०२० साली ९,५०० युरो जाहीर केला. वर सांगितलेल्या तिसऱ्या पायरीवरच्या रिसर्च असोसिएटची घरभाडे सोडून वर्षभराची फेलोशिप याहून कमी भरते.

जागा बदलत राहणे हा केवळ नाइलाज नसून गुणवत्तेचा निकष आहे. युरोपीय संघाच्या मारी क्युरी फेलोशिपची अट अशी की ज्या देशात जायचे, तिथे अर्जदाराने मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त काळ राहिलेले नसावे. नवरा कोलोनमध्ये आणि बायको कोलोनमध्येच राहून या फेलोशिपवर तिथेच काम करू इच्छिते, असे प्रकरण त्यामुळे सहसा पुढे सरकत नाही. तिने इंग्लंडमधल्या नॉर्विचला जावे, असा सल्ला मिळतो. नॉर्विच वनस्पतिशास्त्राला फार चांगले आहे.

परतीच्या प्रवासात बी आणायचे असते. पाच वर्षांत केलेल्या सगळ्या लाइन खिशात मावतात, कारण एका बीचे वजन मिलिग्रॅमचा पन्नासावा भाग. पण खिशातून आणता येत नाहीत. त्यासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोचा आयात परवाना, विलगीकरणातली तपासणी आणि जनुक बदललेले असल्यास वेगळी मंजुरी लागते. रोगराई देशात येऊ नये म्हणून हे सगळे योग्यच आहे. फक्त हजार बियांचे वजन वीस मिलिग्रॅम आणि अर्जाचे वजन त्याच्या कैक पट, एवढीच नोंद करून पुढे जाता येईल.

परत आलेल्याला सहायक प्राध्यापकाच्या जागेसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतले कोष्टक भेटते. विद्यापीठातल्या जागेसाठी त्यात पोस्टडॉकच्या एका वर्षाला २ गुण आहेत, कमाल १०. पेपरला प्रत्येकी २, कमाल १०. पाचाच्या पुढचे पेपर हौसेखातर लिहिल्याचे समजले जाते. बी.एस्सी.ला साठ टक्क्यांवर गुण असतील तर किमान १३. म्हणजे वयाच्या विसाव्या वर्षी बी.एस्सी.ला मिळवलेला फर्स्ट क्लास हा त्यानंतर कॉन्फोकलवर जागवलेल्या पाच वर्षांच्या रात्रींपेक्षा तीन गुणांनी भारी ठरतो. जागा निघेपर्यंत महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर शिकवण्याची सोय आहे. तिथे वाट पाहण्याचे पैसे मिळत नसले तरी शिकवलेल्या तासांचे, मंजुरी आल्यावर, मिळतात. नियमावलीप्रमाणे कोष्टकातल्या गुणांवर कुणाची निवड मात्र होत नाही. ते फक्त मुलाखतीला कुणाला बोलवायचे, हे ठरवण्यापुरते. निवड सर्वस्वी मुलाखतीवर. तिच्यात समितीतले एक सदस्य अर्ज उलटसुलट चाळतात आणि पीएच.डी.नंतर एवढी वर्षे गॅप कसा काय पडला, असे विचारतात.