अपडेट साहेबांस जामखेडहून खुलं पत्र

प्रति,
माननीय स्वयंचलित अपडेट साहेब,
मुक्काम पडद्याचा उजवा कोपरा, घड्याळाशेजारी.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, 14 ऑक्टोबर 2025 रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, विंडोज 10 ला मिळणारी मोफत सुरक्षा-अपडेट थांबली आणि जामखेडमधले कित्येक धडधाकट संगणक एका रात्रीत म्हातारे ठरले. 29 जुलै 2015 ला आलेली प्रणाली दहा वर्षं चालली, याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती वारसाबद्दल. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-व्यवस्था लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल, तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. ही पिढी बाजारात आली 2017 मध्ये. म्हणजे 2016 साली पोराच्या एमएस-सीआयटीसाठी हौसेनं घेतलेलं यंत्र, ज्यावर अजून सातबारा उघडतो, दहावीचा निकाल दिसतो आणि दूध डेअरीचा हिशेब एक्सेलमध्ये बसतो, ते आपल्या लेखी बाद.

उदार मनानं आपण 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची वाढीव मुदत जाहीर केलीत. सेटिंग्ज विंडोज बनवणाऱ्या कंपनीच्या खात्याशी जोडा, नाहीतर 1000 बक्षीस-गुण द्या, नाहीतर 30 डॉलर मोजा. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी आवाज चढवल्यावर तिथल्या लोकांसाठी अटी सैल झाल्या. जामखेड नगर-बीड रस्त्यावर आहे, ही चूक अर्थातच जामखेडकरांची.

आपल्या येण्याच्या वेळेबद्दलही थोडं. माणूस संगणकावर कधी बसतो याचे 'सक्रिय तास' आपण टिपून ठेवता; लाईट कधी जाते ते मात्र टिपत नाही. पडद्यावर 'संगणक बंद करू नका' अशी ताकीद, गोल फिरणारे ठिपके, आणि तेवढ्यात फीडर ट्रिप. यूपीएस बोंबलायला लागतो आणि अख्खं घर टक्केवारीकडे डोळे लावून बसतं. इंटरनेट असतं मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, रोजचा डेटा दीड जीबी. आपण सकाळच्या चहाआधीच त्याचा फडशा पाडता. सेटिंग्जमध्ये त्या जोडणीला 'मीटर्ड कनेक्शन' केलं की आपण बराच हात आखडता घेता. ही युक्ती मात्र आपण आपल्या तोंडानं कधी सांगत नाही, शेजारच्या पोराकडूनच कळते.

जानेवारी 2024 मधली कामगिरी तर सुवर्णाक्षरांत नोंदवावी अशी. विंडोज 10 चं एक सुरक्षा-अपडेट जगभर असंख्य संगणकांवर अडकलं. पडद्यावर आकडा आला : 0एक्स80070643. अर्थ काय, तर 'बसवता आलं नाही'. ते तर दिसतच होतं! खरं कारण निराळं होतं. डिस्कवर दुरुस्तीसाठी राखलेला एक छुपा कप्पा असतो, त्यात 250 एमबी मोकळी जागा नव्हती. तसं सांगणारा संदेश दिसायला हवा होता. पण चुका कळवण्याच्या व्यवस्थेतच चूक निघाल्यामुळे भलताच दिसला, हे कंपनीनंच सांगितलं. उपाय? काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून मुख्य पार्टिशन 250 एमबीनं छाटा, मग तो छुपा कप्पा पुसून नव्यानं मांडा. चुकून भलतं पार्टिशन उडवलं, तर थोरलीच्या लग्नाचे फोटो गेले.

साहेब, आपण जामखेडला प्रशिक्षणाला यावं. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्यानं इथं ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावानं निवडलेल्या बायका, त्यांतल्या कित्येक निरक्षर, बाळंतपणं करायला शिकल्या, जुलाबानं मलूल झालेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी द्यायला शिकल्या, आणि आजार कशानं होतो ते शेजारणीला तिच्या बोलीत सांगू लागल्या. 1979 मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथल्या आरोग्यसेविकेनं तापानं फणफणलेलं पोर घेऊन आलेल्या आईला 'शून्य-एक्स-आठ' एवढंच सांगून वाटेला लावलं असतं, तर?

'विंडोज सोडून लिनक्स टाका' असं सांगणारेही भेटतात. सल्ला खोटा नाही : फुकट मिळतं, जुन्या यंत्रावर चालतं, सोबतचं लिब्रेऑफिस मराठीतही आहे. अडतं ते जुन्या फायलींपाशी. श्रीलिपी, कृतिदेव यांच्या जमान्यात टाइप केलेली लग्नपत्रिका तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की वधूवरांच्या नावांच्या जागी रोमन अक्षरं, कंस आणि टिंबांचा काला दिसतो. युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं आहेत. पण नंतर जोडाक्षरं एकेक करून तपासावी लागतात, आणि ते काम घरातल्या चष्मा लावणाऱ्या माणसावर येतं.

तेव्हा मागण्या मोजक्याच. काही अडलं, तर कारण साध्या मराठीत सांगावं. लाईट गेली, तर जिथं थांबलात तिथूनच पुढं सुरू करावं. आणि ज्या यंत्रावर सगळं चालतंय, त्याला भंगारात काढण्याआधी घरच्यांना एकदा विचारावं.

कळावे,
आपला,
एक अद्ययावत न झालेला जामखेडकर

ता. क. उत्तर रात्री बारानंतर पाठवावं. दीड जीबी तेव्हाच नव्यानं मिळतो.