पुढचं वाक्य पाठ आहे

गेलं वर्षभर मी आधाशासारखी नाटकं पाहिली. रविवारी दुपारी साडेबाराला एक, संध्याकाळी पाचला दुसरं आणि मधल्या वेळात बटाटावडा हेच जेवण. किती झाली ते विचारू नका. हिशेब ठेवणाऱ्यांची जमात वेगळी. ते तिकिटाचं अर्धुक जपतात, मागे तारीख आणि शेरा लिहितात आणि डिसेंबरात भेटेल त्याला धावसंख्या ऐकवतात. माझी अर्धुकं शर्टाच्या खिशातच धुऊन निघाली.

तरी एवढी बैठक मारल्यावर एक निदान करायचा हक्क मला पोचतो. मराठी माणूस नाटकवेडा आहे, यात वाद नाही. फक्त नाटकात पुढे काय होणार हे त्याला आधी ठाऊक असावं लागतं. घराबाहेर पडताना किल्ली आणि पाकीट चाचपावं तसा तो नाटकाचा शेवट चाचपून निघतो.

‘चारचौघी’ घ्या. प्रशांत दळवींचं हे नाटक १९९१ साली आलं आणि चंद्रकांत कुलकर्णींनीच ते २०२२ मध्ये नव्या संचात पुन्हा उभं केलं. नाटक आजही चावतं, मुक्ता बर्वेचं काम तर डोळे न मिटता बघावं असं. माझी तक्रार आहे ती माझ्या मागच्या रांगेबद्दल. रंगमंचावर तिची विद्या अजून धड वळलीही नव्हती, तोच मागून एका बाईंचा आवाज आला, “आता फोनचा सीन. नीट बघ.” शेजारची सून नीट बघू लागली. मग दर दोन मिनिटांनी जुन्या संचाची तळटीप: “वंदना गुप्ते इथे जरा थांबायच्या.” “हे वाक्य तेव्हा जास्त लागायचं.” “आता टाळी येईल.” टाळी आली, कारण पहिली टाळी बाईंनीच वाजवली. शेवटी सुनेने हळूच विचारलं, “आई, सगळं पाठच आहे तर आपण आलो कशाला?” उत्तरादाखल नुसतं ‘शू’ मिळालं, आणि तेही तिला नव्हे, मागे वळून बघणाऱ्या मला.

पूर्वी विंगेत प्रॉम्प्टर असायचा. हल्लीच्या नटांचं पाठांतर चोख, म्हणून त्याची नोकरी गेली असं म्हणतात. गेली कुठे? तो ‘एफ’ रांगेत येऊन बसलाय, आणि तिकीट काढून.

जुनी नाटकं पुन्हा करू नयेत, असं मी म्हणत नाही. नव्या पिढीने एलकुंचवार-तेंडुलकर ग्रंथालयातच वाचावेत, हा कुठला न्याय? पण पुनरुज्जीवित नाटकाच्या जाहिरातीत काय विकलं जातं ते बघा. ‘तेच नाटक, नव्या संचात’ यातला ‘तेच’ हा शब्द खरा खपतो. तीच गत पुढच्या भागांची. ‘एका लग्नाची गोष्ट’ खूप चालली, मग ‘एका लग्नाची पुढची गोष्ट’ आली, तीही चालली. प्रशांत दामल्यांनी ६ नोव्हेंबर २०२२ ला षण्मुखानंदमध्ये कारकिर्दीतला साडेबारा हजारावा प्रयोग केला तो याच नाटकाचा. ज्या माणसाने साडेबारा हजार वेळा आपल्या डोळ्यांत डोळे घालून बघितलंय, त्याला आपली नस आपल्यापेक्षा जास्त कळते. त्याला दोष कसला द्यायचा? दोष द्यायचाच तर नसेला द्या. ‘सही रे सही’ २००२ पासून चालू आहे. तेव्हा बापाच्या मांडीवर बसून हसलेली पोरं आता बायकोला घेऊन येतात आणि नेमक्या त्याच जागांवर हसतात.

निर्मातेही खुळे नाहीत. नाट्यगृहाचं भाडं, दौऱ्याची बस, वर्तमानपत्रातली जाहिरात, नटांच्या नाइटा, बॅकस्टेजवाल्यांचे पैसे, सगळं त्या पाचशे रुपयांतून काढायचं. पाचशेच का, तर तिथपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी माफ. त्यापुढे एक रुपया वाढवला की करही लागतो आणि काकाही रागावतात. त्यात मुख्य नट मालिकेच्या शूटिंगमध्ये अडकलेला, तो सुटतो शनिवारी-रविवारी. म्हणून शनिवार-रविवारच्या तारखांवर सगळ्यांची झडप. त्या तारखा मिळाल्यावर कोण शहाणा तिथे अनोळखी लेखकाचं नवं नाटक लावील? नव्या नाटकाला बुधवार मिळतो. बुधवारी प्रेक्षक येत नाही. मग प्रेक्षक येत नाही म्हणून पुढच्या वेळीही बुधवारच मिळतो.

बरं, आलेला प्रेक्षक खूश किती लवकर होतो! या वर्षी मी जवळजवळ प्रत्येक नाटकाला उठून उभा राहिलो. पुढची रांग उभी राहिली की मागच्याला दिसत नाही, म्हणून तो उठतो, त्याच्या मागचाही उठतो. अशी ती मानवंदना बाल्कनीपर्यंत पोचते. अर्ध्या लोकांच्या हातात तोवर गाडीची किल्ली असते. पार्किंगमधून पहिलं सुटायचं तर उभं राहावंच लागतं, त्यात टाळ्या वाजवल्या तर बिघडलं काय?

या पार्श्वभूमीवर मला पुरुषोत्तम करंडकाच्या परीक्षकांचा अजून हेवा वाटतो. १९६३ पासून चालत आलेली ही पुण्यातली एकांकिका स्पर्धा. भरत नाट्य मंदिरात कॉलेजची पोरं घसा फाडून ‘आवाज कुणाचा’ विचारतात आणि छत खाली येईल असं वाटतं. २०२२ साली परीक्षकांनी सांगितलं की करंडक द्यावा अशी एकांकिका यंदा नाही, आणि करंडक कुणालाच दिला नाही. केवढा गहजब झाला! निर्णय बरोबर होता की चूक, यावर भांडता येईल, लोक भांडलेही. पण भर सभागृहात कुणीतरी ‘नाही, जमलं नाही’ म्हणाल्याचं मराठी नाट्यसृष्टीतलं मला आठवणारं ते अलीकडचं एकमेव उदाहरण. एक कोडं मात्र सुटत नाही. ही घसा फाडणारी पोरं पदवी घेऊन जातात कुठे? पंचविशीत नाट्यगृहातून गायब होतात ती थेट पन्नाशीत गुडघेदुखीसह उगवतात आणि म्हणतात, “आमच्या वेळचं नाटक राहिलं नाही.”

शंभराव्या प्रयोगाबद्दल थोडक्यात सांगतो. दहा मिनिटांच्या मध्यंतरात शाल, श्रीफळ, मनोगत, प्रायोजकाचं मनोगत, प्रायोजकाच्या मेहुण्याचा सत्कार. गार झालेला वडा हातात धरून मी एका नगरसेवकाचं रंगभूमीविषयीचं चिंतन पंचवीस मिनिटं ऐकलंय. दुसरा अंक सुरू झाला तेव्हा नायिका घर का सोडत होती हे मी विसरलो होतो. तिलाही आठवावं लागलं असणार.

या सगळ्याला विटून हिवाळ्यात मी गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी गाडी पकडली आणि वडशाला उतरलो. कागदोपत्री देसाईगंज, जिल्हा गडचिरोली. पण रेल्वेपासून नाटकवाल्यांपर्यंत सगळे वडसाच म्हणतात. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीची ही राजधानी. रस्त्याच्या कडेला नाट्यमंडळांच्या ऑफिसांच्या पाट्या, त्यावर नटनट्यांचे हसरे-रडके चेहरे. धान निघालं, दिवाळी झाली की गावोगावची मंडळं इथे येऊन नाटक ठरवतात. गावात मंडईची जत्रा असो की बैलांच्या शर्यतीचा शंकरपट, रात्री नाटक हवंच. त्या रात्री पाहुण्यांना झोपायला जागा कुठे, हा प्रश्नच नसतो, कारण सगळेच नाटकाला.

मी गेलो त्या गावात वेळ दहाची होती, पडदा अकराला उघडला. शेतातच मांडव, खाली बसायला आपापलं आणलेलं, अंगावर घोंगडी, ब्लँकेट, एकाच्या डोक्यावर तर चक्क उशीचा अभ्रा. रंगमंचापुढे वाजवणारे बसलेले. मग जे सुरू झालं ते पहाटेपर्यंत: गरीब घर, दुष्ट सावकार, विश्वासघात, अधूनमधून नाच-गाणं आणि दर दुसऱ्या प्रवेशाला झाडीबोलीत धुमाकूळ घालणारा विनोदी नट. माझ्या शेजारच्या आजी रात्रीच्या तिसऱ्या प्रहरी पदराने डोळे पुसत होत्या. त्याच प्रवेशात सावकार मंचाच्या कडेला आला, तर त्यांनी त्याला खाली बसल्या बसल्या अशी एक शिवी हासडली की तो नट क्षणभर दचकला. नंतर कळलं, गेल्या हंगामातही त्यानेच सावकार केला होता आणि आजींनी तेव्हाही सोडला नव्हता.

आता कुणी म्हणेल, इथेही सगळं ठाऊकच की! सावकार मरणार, सून सुटणार. कबूल. झाडीपट्टीच्या प्रेक्षकालाही हमी हवी असते. पण तो ती उघड मागतो, तिकीट काढून मागतो, रात्रभर थंडीत बसून वसूल करतो. त्यावर रंगभूमीच्या भवितव्याविषयी परिसंवाद घेत नाही.

गंमत अशी की, रात्र रात्र चालणाऱ्या प्रयोगांच्या आठवणीने पुण्या-मुंबईच्या नाट्यप्रेमींचा कंठ फार दाटतो. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक झाले, तिथपासून सुरुवात करून ते बालगंधर्वांच्या शालूपर्यंत येतात आणि ‘गेले ते दिवस’ म्हणून थांबतात. दिवस गेले नाहीत, वडशाला राहायला गेले. पण तिकडच्या नाटकाला आपण ‘बटबटीत’ म्हणतो. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा माझ्या एका नाट्यवेड्या स्नेह्याने विचारलं होतं, “हे कोण?” पाच हजारांहून जास्त प्रयोग केलेल्या माणसाबद्दलचा हा प्रश्न. मालिकेत दिसले नाहीत ना ते.

याच स्नेह्याचं छबिलदासवर अतोनात प्रेम. दादरच्या त्या शाळेच्या छोट्या हॉलमध्ये ‘आविष्कार’ने १९७४ पासून जे केलं ते मोठंच होतं, प्रश्नच नाही. पण आजवर मला जितक्या लोकांनी ‘आम्ही छबिलदासला असायचो’ असं सांगितलंय, तितके खरोखर असते तर ते प्रयोग षण्मुखानंदमध्येच लावावे लागले असते.

तर परवा, अर्थात बुधवारी, शनिवार पेठेत सुदर्शन रंगमंचावर एक नवं नाटक पाहिलं. लेखक, नट, दिग्दर्शक, कुणाचंच नाव तुम्हाला सांगून उपयोग नाही. प्रेक्षकांत नटांचे नातेवाईक, मोबाइलवर असाइनमेंट लिहिणाऱ्या दोन मुली आणि मी. पहिला अर्धा तास नाटक रेंगाळलं, उगाच जड बोललं. मग एका प्रवेशात आईचं काम करणारी मुलगी मेथीची जुडी घेऊन बसली आणि निवडत राहिली. संगीत नाही, प्रकाश तोच. मुलगा काहीबाही बोलत होता, ती पानं खुडत होती. एका क्षणी तिने खुडलेली पानं सगळी देठांच्या ढिगात टाकली आणि पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतली. कुणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. हसायचं होतं की नाही, ते कुणालाच कळेना. असाइनमेंटवाल्या एका मुलीच्या हातातला मोबाइल खाली आला. मागच्या रांगेतून ‘आता बघ हं’ म्हणायला कुणीच नव्हतं, कारण आता काय, ते कुणालाही ठाऊक नव्हतं. वर्षभरात मला असं बसायला फार थोड्या वेळा मिळालं.

बाहेर आल्यावर लगेच स्नेह्याला फोन लावला. म्हटलं, अरे, सोडू नकोस, पुढच्याला माझ्याबरोबर चल. तो मनापासून आनंदला. म्हणाला, “वा, अशी कामं झालीच पाहिजेत. पन्नासावा प्रयोग लागला की कळव, नक्की येतो.”

हा चौथा होता. पाचव्याला अजून तारीख मिळायची आहे.